मॅडमचा एच-इंडेक्स नऊ की तीन?

पत्र: ताई, नमस्कार. मी पुण्यातल्या एका लॉ कॉलेजच्या लायब्ररीत असिस्टंट आहे. आमच्याकडे एक सीनियर मॅडम आहेत, मानवी हक्क शिकवतात, कोठडीतले मृत्यू आणि भटक्या-विमुक्तांना पोलिसांकडून होणारा त्रास यावर त्यांचं पंचवीस-तीस वर्षांचं काम आहे. त्यांचं नाव एका पुरस्कारासाठी पाठवायचं ठरलंय आणि फॉर्ममध्ये 'एकूण प्रकाशनं, सायटेशन, एच-इंडेक्स' असा रकाना आहे, तो भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गूगल स्कॉलर म्हणतं सायटेशन ४१२ आणि एच-इंडेक्स ९, स्कोपस म्हणतं ३८ आणि ३. प्रिन्सिपल सर म्हणतात मोठा आकडा टाक. संस्थेच्याच सायन्स कॉलेजातले केमिस्ट्रीचे एक सर आमच्या कमिटीवर आहेत, त्यांचा स्वतःचा एच-इंडेक्स २७ आहे, ते हसून म्हणाले नऊ तर आमच्या पोरांचा असतो. आणि मॅडम म्हणतात काय लिहायचं ते लिही गं, मला त्यातलं कळत नाही. मी नक्की काय लिहू? स्क्रीनशॉट जोडलेत. (एक गोंधळलेली, कर्वे रोड)

अगं, आधी तुझा जीव भांड्यात पडू दे. सायटेशन म्हणजे दुसऱ्या लिखाणात आपल्या लिखाणाचा आलेला उल्लेख, आणि ते मोजणारे हे दोन डेटाबेस. दोन्ही आकडे आपापल्या परीने बरोबर आहेत. स्कोपस खोटं बोलत नाही आणि गूगलही बोलत नाही, दोघं वेगवेगळं मोजतायत एवढंच. प्रिन्सिपल सरांना सांग की सर मोठा आकडा टाकते, पण शेजारी छोटाही टाकते, आणि दोन्हींपुढे कुठून काढला नि कुठल्या तारखेला काढला ते लिहिते. तारीख नसलेला सायटेशनचा आकडा काही कामाचा नाही कारण तो सारखा बदलतो, गूगलचा तर कधी कधी खालीसुद्धा येतो (डुप्लिकेट नोंदी एकत्र झाल्या की), आणि पुरस्कारवाल्यांपैकी कुणी महिन्याभराने स्वतः उघडून बघितलं आणि वेगळंच दिसलं तर संशय मॅडमवर येणार, तुझं नाव कुणाला माहीतही नसणार.

आता हा एच-इंडेक्स. तो वापरणाऱ्या पुष्कळ मंडळींना तो कसा निघतो ते विचारलं की खोकला येतो, म्हणून तू तरी नीट समजून घे. जॉर्ज हर्श म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठात सॅन दिएगोला फिजिक्सचे प्राध्यापक, त्यांनी २००५ मध्ये तो काढला. माणसाचं सगळं लिखाण सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचं आणि वरून मोजत खाली यायचं. मॅडमचा ९ आहे म्हणजे किमान ९ वेळा उल्लेख झालेली त्यांची ९ लिखाणं आहेत, आणि दहा-दहा उल्लेख असलेली दहा काही भरत नाहीत. बास, एवढंच आहे त्यात. आणि इथेच पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाची गोची होते बघ. तूच पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये मॅडमच्या कोठडी मृत्यूंवरच्या पुस्तकाला एकट्याला १८७ सायटेशन आहेत. ते १८७ चे उद्या १८७० झाले तरी त्यांचा एच-इंडेक्स ९ चा ९ च राहणार, कारण त्या हिशोबात एक पुस्तक म्हणजे एक नग, त्यात दहा वर्षं गेली असोत नाहीतर दहा दिवस. ही पंचाईत लक्षात आली म्हणूनच लिओ एग्घे यांनी २००६ मध्ये जी-इंडेक्स काढला, त्यात जास्त सायटेशन असलेल्या लिखाणाला वजन मिळतं, पण तुमच्या फॉर्ममध्ये तो मागितलेला नाही तर त्यात पडू नकोस, उगाच अजून एक आकडा आणि अजून चार प्रश्न.

त्यापेक्षा त्या पुस्तकाचे १८७ वेगळे लिही. सरळ वाक्यात, पुस्तकाचं नाव, प्रकाशन वर्ष, सायटेशन. एच-इंडेक्सपेक्षा ते वाक्य वाचणाऱ्याला जास्त सांगेल.

स्कोपसमध्ये ३८ च का दिसतात? स्कोपस हे एल्सेव्हियर कंपनीचं, २००४ पासूनचं, आणि ते निवडक जर्नल्स घेतं, त्यात सायन्स आणि मेडिकलचा भरणा, समाजशास्त्र-कायदा त्यामानाने कमी, भारतीय लॉ जर्नल्स तर हाताच्या बोटांवर, मराठी धरून चाल की नाहीच. ईपीडब्ल्यू ('इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली') त्यात आहे म्हणून मॅडमचे ईपीडब्ल्यूमधले लेख तिथे दिसतायत आणि बाकीचं गायब. पण एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. स्कोपसमध्येच 'सेकंडरी डॉक्युमेंट्स' नावाचा एक भाग असतो, म्हणजे जे पुस्तक स्कोपसमध्ये नाही पण स्कोपसमधल्या लेखांच्या तळटीपांत ज्याचा उल्लेख आलाय, ते तिथे सापडतं, आणि हे उल्लेख एच-इंडेक्समध्ये धरलेच जात नाहीत. वेब ऑफ सायन्समध्ये (युजीन गारफिल्ड यांनी १९६४ ला सुरू केलेल्या सायन्स सायटेशन इंडेक्सचं हे आजचं रूप) 'सायटेड रेफरन्स सर्च' म्हणून सोय आहे, तीही अशाच पुस्तकांसाठी. तुमच्या कॉलेजकडे या दोन्हीचं सबस्क्रिप्शन नसेल तर विद्यापीठात जयकर ग्रंथालयात जाऊन विचार, तुमच्या लायब्ररीचं पत्र घेऊन जा म्हणजे गेटवरच अर्धा तास जाणार नाही. स्कोपसमध्ये लेखकाचं नाव घालून जुजबी माहिती फुकटही दिसते, पण सेकंडरीवालं बघायला आत जावं लागतं.

केमिस्ट्रीच्या सरांचं मनावर घेऊ नकोस पण उत्तर मात्र दे. शनिवार पेठेतला वाडा आणि बाणेरचा टॉवर, मजले मोजून मोठा कोण ते ठरवायचं म्हटलं तर वाडा हरणारच, त्यात वाड्याचं काय चुकलं? केमिस्ट्रीच्या पेपरवर पाच-सहा नावं सहज असतात, प्रत्येकाच्या खात्यात तो पेपर अख्खा जमा होतो, लॅब चालू असली की पेपर येत राहतात, आणि त्या विषयात उल्लेखही लवकर यायला लागतात. मॅडमच्या विषयात एका लेखावर एक नाव, आणि त्या एका लेखामागे आरटीआयचे अर्ज, अपिलं, पोस्टमॉर्टेमचे कागद, तालुक्याच्या कोर्टात हेलपाटे, वस्तीवर जाऊन लोकांचा विश्वास बसेपर्यंत थांबणं, आणि मग तो लेख पंधरा वर्षांनीसुद्धा कुणीतरी वकील काढून वाचतो. हर्श यांनी स्वतःच त्या २००५ च्या पेपरमध्ये म्हटलंय की वेगवेगळ्या विषयांत हा आकडा वेगवेगळा असतो. आणि सरांना छापील काहीतरी दाखवायचं असेल तर लायडन मॅनिफेस्टो दाखव, २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये आला होता, संशोधन मोजायचं कसं याची दहा तत्त्वं आहेत त्यात, विषयागणिक फरक धरा असं एक, स्थानिक महत्त्वाचं काम जपा असं एक, आणि माणसाला मोजताना त्याचं काम वाचून मत बनवा असंही एक. ही मागणी समाजशास्त्रवाल्यांनी रडगाणं म्हणून केलेली नाही, सायटेशन मोजण्याचाच धंदा असलेल्या लोकांनी लिहिलंय ते.

आता कामाला लाग. सगळ्यात आधी मॅडमचं लग्नाआधीचं आडनाव विचार. हसू नकोस, आपल्याकडे बायकांचे निम्मे पेपर इथेच हरवतात. माहेरच्या आडनावाने पीएचडी आणि सुरुवातीचे लेख, नंतर सासरच्या आडनावाने, मग मधे एक काळ दोन्ही आडनावं जोडून, त्यात मधलं नाव आधी वडलांचं मग नवऱ्याचं, इंग्रजीत कुठे पूर्ण कुठे नुसतं आद्याक्षर, आणि आडनावात 'क्ष' किंवा 'ज्ञ' असेल तर स्पेलिंगच्या तीन तऱ्हा. स्कोपसला या चार वेगळ्या बायका वाटतात आणि तो चार प्रोफाइल करून मोकळा होतो. कदाचित तुला दिसलेले ३८ हे त्या चौघींपैकी एकीचेच असतील. स्कोपसला कळवून प्रोफाइल एकत्र करून घेता येतात, अर्ज ऑनलाइन असतो, थोडे दिवस लागतात. मॅडमचा ऑर्किड आयडी (संशोधकाची कायमची ओळख) नसेल तर तोही काढून टाक, सोळा आकडी नंबर असतो, २०१२ पासून चालू आहे, फुकट आहे, त्यात सगळी जुनी नावं घालता येतात. यादी मात्र गूगलवरून बनवू नकोस, मॅडमच्या कपाटातल्या फायलींवरून बनव आणि मग गूगलशी ताडून बघ, उलटं नाही.

४१२ ची सफाई पण करावी लागेल. गूगल स्कॉलर कुणी बसून तपासत नाही, मशीन जे दिसेल ते उचलतं, विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट, कुठल्या तरी सेमिनारच्या स्लाइड्स, एकच लेख दोनदा. २०१० मध्ये सिरिल लाबे नावाच्या फ्रेंच संशोधकाने गंमत केली होती, कॉम्प्युटरकडून शंभरेक बिनडोक पेपर लिहून घेतले, सगळे एकमेकांना साइट करणारे, आणि 'आइक अँटकेअर' नावाचा एक माणूसच तयार केला जो अस्तित्वातच नव्हता. गूगल स्कॉलरच्या हिशोबाने त्याचा एच-इंडेक्स ९४ झाला, आइन्स्टाइन मागे. तर मॅडमच्या प्रत्येक लेखाखाली 'सायटेड बाय' असतं त्यावर क्लिक कर आणि बघत जा. पहिल्या दहा-बारा लिखाणांचं केलंस तरी पुरे, शेपूट सोडून दे. मॅडमनी स्वतःच स्वतःला किती वेळा साइट केलंय ते वेगळं काढ, त्यात लाजण्यासारखं काही नाही, एकाच विषयावर तीस वर्षं लिहिणारा माणूस स्वतःच्या आधीच्या लेखाचा दाखला देणारच, फक्त आकडा देताना 'स्वतःचे उल्लेख वगळून इतके' असंही लिही. अॅन-विल हार्झिंग यांचं 'पब्लिश ऑर पेरिश' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, गूगल स्कॉलरमधला डेटा एक्सेलमध्ये ओढून देतं, ते वापर, डोळे वाचतील.

आणि हे क्लिक करताना नुसतं मोजू नकोस, दोन ओळी वाच पण. मानवी हक्कांच्या लिखाणात पुष्कळ उल्लेख भांडणाचे असतात. एखाद्या माजी पोलीस अधिकाऱ्याने मॅडमचं म्हणणं कसं चुकीचं आहे हे सांगायला त्यांचं पुस्तक साइट केलं असेल तर तेही सायटेशनच, आणि माझ्या मते ते दहा कौतुकाच्या तळटीपांपेक्षा जास्त किमतीचं, कारण मॅडमना उत्तर दिल्याशिवाय त्याला पुढे जाता आलं नाही. असं काही सापडलं तर बाजूला काढून ठेव, कामी येईल.

पण ताई हे सगळं केलं तरी मॅडमचं काम त्यात येतं का, असं तू विचारशील. नाही येत. त्यासाठी तुला एक जुनी गोष्ट सांगते, कायद्याच्या कॉलेजात आहेस तर ऐकली असशीलच. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस स्टेशनात, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली, मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सेशन्स कोर्टाने पोलिसांना सोडलं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोघांनाही परत सोडून दिलं. वर्षभराने, १९७९ च्या सप्टेंबरात, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या चौघांनी सरन्यायाधीशांना एक उघडं पत्र लिहिलं, की मुलीने आरडाओरडा केला नाही, अंगावर खुणा नाहीत, म्हणून तिची संमती होती असं तुम्ही कसं धरलंत. ते पत्र 'एससीसी' ('सुप्रीम कोर्ट केसेस') या निकाल छापणाऱ्या नियतकालिकाच्या जर्नल भागात छापून आलं. त्यानंतर बायकांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या, देशभर उतरल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला, कोठडीतल्या बलात्काराला वेगळी, जास्त कडक शिक्षा आली आणि अशा खटल्यात माझी संमती नव्हती असं बाईने कोर्टात सांगितलं तर ती नव्हती असंच कोर्टाने धरून चालायचं हे आलं. आता मला सांग, ते पत्र कुठल्या रकान्यात घालशील? रिसर्च पेपर नाही, इम्पॅक्ट फॅक्टर नाही, यूजीसीच्या भाषेत त्याला पॉइंट किती? मानवी हक्कांवर काम करणाऱ्या माणसाचा वाचक फक्त दुसरा प्राध्यापक नसतो ना. तो वकील असतो, न्यायाधीश असतो, आयोगाचा सदस्य असतो, मोर्चातली बाई असते, आणि यातलं कुणीही स्कोपसमध्ये पेपर लिहायला जात नाही.

म्हणून तुझी खरी मेहनत इथे लागणार आहे. इंडियन कानून या कोर्टाचे निकाल शोधायच्या साइटवर जा आणि मॅडमचं नाव अवतरणचिन्हांत घालून शोध, सगळ्या आडनावांनी, सगळ्या स्पेलिंगनी, मग पुस्तकाचं नाव घालून शोध. नुसतं 'कोठडीतला मृत्यू' शोधशील तर डी. के. बसू या कोठडीतल्या अत्याचारांवरच्या गाजलेल्या निकालाचा दाखला देणारे इतके निकाल येतील की दिवाळी उजाडेल. तुमच्याकडे एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्र असणारच, त्यातही बघ, आणि सुप्रीम कोर्टाच्या निकालांचा ऑनलाइन संग्रह ई-एससीआर २०२३ पासून सगळ्यांना फुकट आहे. निकालात नाव सापडलं की परिच्छेद क्रमांक टिपून घे. वकिलाच्या युक्तिवादात आलंय की न्यायाधीशांनी स्वतः आधार घेतलाय हे वेगवेगळं लिही, या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि कमिटीत एखादा जरी वकील असला तर तो पहिलं तेच विचारेल. मग लॉ कमिशनचे अहवाल. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग १९९३ पासून आहे, त्यांची प्रकाशनं आणि वार्षिक अहवाल बघ. संयुक्त राष्ट्रांकडे भारताचा मानवी हक्कांचा आढावा २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ असा चार वेळा झालाय, त्या प्रत्येक वेळी संघटनांनी दिलेली निवेदनं वेबसाइटवर पडलेली आहेत, त्यांच्या तळटीपा चाळ. कुणी म्हणालं की याला काय सायटेशन म्हणतात का, तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतलं ३८ वं कलम उघडून दाखव, कायदा काय आहे हे ठरवताना नामवंत अभ्यासकांचं लिखाण पूरक साधन म्हणून बघावं असं त्यात लिहिलंय, म्हणजे अभ्यासकाचं नाव निकालात येणं ही शोभेची गोष्ट नाही, ती त्या विषयातली रीतच आहे.

मराठीतलं विसरू नकोस. मॅडमनी 'साधना'त, 'परिवर्तनाचा वाटसरू'त, 'समाज प्रबोधन पत्रिके'त लिहिलं असेल तर ते गूगलला फारसं दिसत नाही. शोधगंगेवरचे मराठी प्रबंध बघ, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, कायदा. पुष्कळ पीडीएफ नुसत्या स्कॅन केलेल्या असतात, त्यात शोध चालत नाही, सरळ शेवटची संदर्भसूची उघडून वाचावी लागते. कंटाळवाणं आहे, माहितीये. एखाद्या शनिवारी दोन विद्यार्थ्यांना चहा पाजून बसव. अभ्यासक्रमांच्या संदर्भयाद्यांत पुस्तक कुठल्या कुठल्या विद्यापीठांनी लावलंय तेही बघ, ते तर तुझ्या लायब्ररीच्या रोजच्या कामातलं आहे.

अजून एक अडचण खास याच विषयातली. सत्यशोधन समितीचे अहवाल. पीयूसीएलसारख्या नागरी हक्क संघटनांचे अहवाल संघटनेच्या नावाने निघतात, आत समितीच्या सदस्यांची यादी असते आणि लिहिलं कुणी ते कुठेच नसतं. मॅडमनी असे किती लिहिलेत ते त्यांनाच विचारावं लागेल, आणि 'सदस्य' की 'मुख्य लेखन' हे त्या सांगतील तसं लिही, तेही सोबतच्या कुणाला फोन करून खात्री झाली तरच. हे अहवाल ऑनलाइन चढवायची हौस मात्र करू नकोस हं. प्रोफाइल भरगच्च दिसावं म्हणून लोक जुने अहवाल स्कॅन करून टाकतात आणि परिशिष्टात पीडितांची नावं, गाव, सगळं उघडं. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, पूर्वी आयपीसीचं २२८-अ होतं (तेही त्या १९८३ च्या दुरुस्तीतच आलं), आता भारतीय न्याय संहितेचं ७२ वं कलम. आणि गुन्हा नसेल तिथेही, ज्या पारधी कुटुंबाने वीस वर्षांपूर्वी मॅडमवर विश्वास ठेवून जबाब दिला त्यांचं नाव आज गूगलवर सापडणं बरं नाही.

पैसे भरून छापलेले पेपर असले तर? असतीलही एखाद-दोन, एक काळ असा होता की प्रमोशनसाठी सगळेच पळत होते. आपल्या पुणे विद्यापीठातल्याच लोकांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापलं होतं की यूजीसीच्या मान्य यादीत विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नल्सपैकी हजारेक तपासली तर ८८ टक्के हलक्या दर्जाची निघाली, त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नल्स एकदम काढून टाकली, मग मान्य जर्नल्सची नवी यादी, केअर लिस्ट, आली, तिचं काम आपल्याच विद्यापीठात चालायचं, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद झाली. तर असे पेपर असतील तर लपवू नकोस, पूर्ण यादीत राहू दे, फक्त निवडक दहा लिखाणांत घेऊ नकोस.

प्रिन्सिपल सर नियमावर बोट ठेवणारे असतील तर त्यांना यूजीसीचे २०१८ चे नियमच दाखव, तिथे संशोधनाच्या गुणांच्या तक्त्यात धोरणविषयक दस्तऐवजाला गुण आहेत, आंतरराष्ट्रीय संस्थेला दिलेला असेल तर १०, केंद्र सरकारला ७, राज्य सरकारला ४. जर्नलमधल्या पेपरला आपल्या विषयांत १० आहेत. म्हणजे अहवाल-निवेदनं हे 'सामाजिक कार्य' म्हणून शेवटच्या पानावर ढकलायची गोष्ट नाही, सरकारी तक्त्यातसुद्धा ते संशोधनातच मोडतं. आणि मराठीत केलेलं पुस्तकाचं भाषांतर असेल तर त्याचेही ८ आहेत, ते लोक विसरतात.

काय गाळायचं तेही सांगते. टीव्हीवरच्या चर्चा, पेपरात दिलेल्या प्रतिक्रिया, 'बीजभाषण केलं'च्या याद्या, ट्विटरवर (आताच्या एक्सवर) किती जणांनी शेअर केलं ते दाखवणारं रंगीत गोल चक्र, हे सगळं गाळ. धोरणविषयक कागदपत्रांतले उल्लेख शोधणारा ओव्हरटन नावाचा डेटाबेस आहे, तो कुठे मिळाला तर जरूर वापर, पण त्यावर अडून बसू नकोस. आणि शब्द जपून वापर. 'मॅडमच्या संशोधनामुळे कायदा बदलला' असं लिहू नकोस, मथुरा प्रकरणातलं ते पत्रसुद्धा एकटं कायदा बदलू शकलं नसतं, मागे हजारो बायका होत्या. 'अमुक निकालात परिच्छेद अमुकमध्ये उल्लेख' एवढंच लिही, ते कुणी खोडू शकत नाही. मोठ्या मोठ्या विशेषणांनी पुरस्कार समित्या विरघळतात असं लोकांना वाटतं, मला तर उलटाच अनुभव आहे, चौथं विशेषण आलं की वाचणारा चष्मा काढून ठेवतो.

रकान्यात साधारण असं लिही, आकडे तू सफाई केल्यावरचे घाल:

'प्रकाशने: पुस्तके इतकी, जर्नल लेख इतके, पुस्तकातील प्रकरणे इतकी, मराठी लेख इतके, सत्यशोधन व धोरणविषयक अहवाल इतके. गूगल स्कॉलर (अमुक दिनांक): उल्लेख ४१२, स्वतःचे वगळून इतके, एच-इंडेक्स ९, पैकी एका पुस्तकाचे १८७. स्कोपस (त्याच दिनांकाला, प्रोफाइल एकत्र केल्यावर): इतके, एच-इंडेक्स इतका, सेकंडरी डॉक्युमेंट्समधील उल्लेख वेगळे इतके. न्यायालयीन निकाल, आयोगांचे अहवाल व संयुक्त राष्ट्रांकडील निवेदने यांतील उल्लेख पुरवणीत, पान व परिच्छेद क्रमांकांसह. विधी व मानवी हक्क या विषयातील बरेचसे लेखन वरील डेटाबेसमध्ये समाविष्ट नसते.'

ते शेवटचं वाक्य गाळू नकोस आणि वाढवूही नकोस, त्याचा निबंध झाला की सबब वाटायला लागते. पुरवणी दोन पानांची, जास्त नको, निवडक दहा लिखाणं आणि प्रत्येकाखाली त्याचा कुठे वापर झाला याच्या दोन-तीन ओळी.

फॉर्म पाठवायच्या आधी हे सगळं मॅडमसमोर ठेव, त्या नको म्हणाल्या तरी. ज्याचं मोजतोय त्याला डेटा तपासायला द्यायचा हे त्या लायडनवाल्यांचंही एक तत्त्व आहे, आणि मॅडमना बसवलंस की त्यांना दोन विसरलेले लेख नक्की आठवतील. रकान्यात एवढा मजकूर मावत नसेल तर पुरवणी जोडली तर चालेल का ते पुरस्कारवाल्यांना आत्ताच फोन करून विचार, शेवटच्या आठवड्यात ते फोन उचलत नाहीत.